पिल्लू तळहातावर येईपर्यंत

आपल्या पणजीच्या पणजीनेही जी ऐकूनच सांगितली असेल, इतकी जुनी ही गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात चुरमुरे भाजणारे दोन भाऊ शेजारी शेजारी राहत होते. थोरल्याच्या बायकोला सगळे थोरली म्हणत, धाकट्याच्या बायकोला धाकटी. त्यांची खरी नावं गावाला आठवत नव्हती, तेव्हा आपणही तेवढ्यावरच भागवू.

दोन्ही घरांची अंगणं वेगळी होती, पण मध्ये भट्टी एकच होती. एक दिवस थोरलीचा, एक दिवस धाकटीचा. कढईत वाळू तापवायची, मीठ लावून वाळवलेले तांदूळ त्यात टाकायचे, झाऱ्याने भराभर हलवायचे आणि फुलले की चाळणीने चाळून घ्यायचे. हात थांबला की कढईतला घाणा जळालाच. त्यामुळे ज्या दिवशी ज्या बाईची भट्टी, त्या दिवशी तिला डोकं खाजवायला फुरसत नसे.

थोरलीच्या तिन्ही मुली लग्न होऊन लांबच्या गावी गेल्या होत्या. धाकटीला दोन मुलं होती. यमू सहा वर्षांची आणि दगडू अडीच वर्षांचा. आणि थोरलीच्या घरात एक मांजर होती, राखाडी रंगाची, एक कान किंचित फाटलेली. तिचं नाव मनी.

आता खरी कहाणी इथे सुरू होते. ही दोन्ही पोरं जन्मली धाकटीच्या घरात, जेवायची धाकटीच्या घरात, निजायची धाकटीच्या घरात, पण दिवसभर असायची थोरलीच्या पडवीत.

"यमू, कुठे चाललीस?"

"मोठ्या आईकडे. मनी आहे ना तिकडे."

"दगडू, इकडे ये, गूळ देते."

"मनी!" एवढंच बोलून दगडू तुरुतुरु पळायचा. गुळाचा खडा धाकटीच्या हातात तसाच राहायचा.

भट्टीच्या दिवशी धाकटीला हे बरं वाटायचं. पोरं आगीपासून लांब असायची. पण भट्टी नसलेल्या दिवशी? त्या दिवशी तर ती घरात मोकळी असायची. म्हणजे मोकळी कसली, धुणी, सारवण, निवडणं, टिपणं चालूच. पण होती तर घरात! तरी पोरं पलीकडेच. आणि पलीकडून हसण्याचा आवाज यायचा. ती सारवता सारवता हात थांबवून ऐकायची आणि मग रागारागाने पुन्हा सारवायची. तिच्या अंगणातली जमीन त्या दिवसांत फार गुळगुळीत झाली होती म्हणतात.

एकदा दगडू पडला. गुडघा फुटला. आई समोर उभी असताना पोरगं रडत रडत कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलं आणि "मोठी आई, बाऊ" म्हणालं. धाकटीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी तिने भाकऱ्या अशा थापल्या की धाकट्याने विचारलं, "परातीने काय बिघडवलंय तुझं?"

"मला मांजर हवंय," धाकटी म्हणाली.

"मांजर? कशाला?"

"कशाला म्हणजे? उंदीर नाहीत का घरात?"

"कुठे आहेत? वहिनींची मनी दोन्ही घरचे खाते. परवा आपल्याच गोणीमागून एक घेऊन गेली."

"ते काही नाही. आपलं स्वतःचं पाहिजे."

धाकटा साधा माणूस होता, पण बिनडोक नव्हता. घास चावून झाल्यावर तो म्हणाला, "हे बघ, दगडू अडीच वर्षांचा आहे. जे दिसेल ते ओढतो. काल बैलाची शेपटी ओढत होता. मांजराला काय ठाऊक हे आपलं लाडकं आहे म्हणून? बोचकारलं तर? आणि आपल्याकडे भट्टी. मांजर पुढे, पोरगं मागे, मध्ये तापलेली वाळू. कोण बघणार? एक वर्ष जाऊ दे. मग बघू."

"त्यांच्याकडे मांजर आहे तेव्हा नाही बोचकारत?"

"तिथे वहिनी असतात ना."

या वाक्याने तर धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हो! तिथे जाऊबाई असतात. इथे कोण असतं? इथे मी नसतेच ना!" असं म्हणून ती ताटावरून उठली. धाकटा बिचारा अर्धी भाकरी हातात धरून बसला. आपण काय चुकीचं बोललो हे त्याला कळलंच नाही.

त्याच सुमारास मनीला पिल्लं झाली. थोरलीच्या घरात तुसाने भरलेली एक टोपली होती, तिच्यात. तीन पिल्लं. महिना उलटला, पिल्लं टोपलीबाहेर येऊन धडपडायला लागली, तेव्हा थोरली कुंपणाशी आली.

"अगं धाकटे, एक पिल्लू तुमच्याकडे येऊ दे. पोरांना हौस आहे. उद्यापासून बसायला ये सगळ्यांना घेऊन."

बसायला, म्हणजे काय ते सांगते. त्या गावात मांजराचं पिल्लू कुणी विकत नसे आणि कुणी उचलूनही नेत नसे. ज्या घराला पिल्लू हवं, त्या घराने सात दिवस मांजरीच्या अंगणात येऊन बसायचं. उन्हं कलली की यायचं, घरातल्या झाडून सगळ्यांनी, आणि तळहात जमिनीवर उताणे ठेवून गप्प बसायचं. हातात खाऊ ठेवायचा नाही. पिल्लाला बोलवायचं नाही, धरायचं तर मुळीच नाही. पिल्लू आपण होऊन ज्याच्या तळहातावर येईल, ते त्याच्या घरी जाईल. मात्र मधेच कुणी झडप घातली, तर पुन्हा पहिला दिवस. ज्या घरात लहान मुलं असतील त्या घराला तर ही मोठीच परीक्षा असायची. पण म्हणूनच तो रिवाज होता. सात दिवसांत पिल्लाला घर कळायचं आणि घराला पिल्लू.

धाकटीला हे सगळं माहीत होतं. तिच्या माहेरीही असंच मांजर आलं होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं: आपण थोरलीच्या अंगणात हात पसरून बसलोय आणि थोरली वरून बघतेय. पोरं तर हिने घेतलीच, आता मांजरासाठी हिच्यापुढे हात पसरू?

"आम्हाला नको," ती म्हणाली. "आम्ही दुसरीकडे बघितलंय."

"दुसरीकडे? कुठे गं?"

"आहे एके ठिकाणी. तुमच्या मनीपेक्षा चांगलं."

दुसरी दोन घरं येऊन सात सात दिवस बसली आणि दोन पिल्लं त्यांच्याकडे गेली. तिसरं करड्या ठिपक्यांचं, जरा भित्रं होतं. ते मनीच्या पोटाशीच राहिलं.

इकडे धाकटीने बाजाराच्या गावी निरोप धाडला. तिथल्या एका धान्याच्या दुकानात एक पांढरीशुभ्र मांजर होती. शेपूट अशी झुबकेदार की बघतच राहावं. दुकानदाराकडे मांजरं पुष्कळ होती, तो म्हणाला, न्या एक. आठवडी बाजाराच्या दिवशी धाकटा तिला गोणीत घालून घेऊन आला. वाटभर ती ओरडत होती आणि वाटभर धाकटा तिला म्हणत होता, "मला का ओरडतेस? मी कुठे मागितली तुला?"

धाकटीने गोणी घरात उघडली नाही. ती अंगणात, बरोबर कुंपणासमोर उघडली.

"यमू! दगडू! या, या! बघा काय आणलंय!" तिचा आवाज तीन घरं पलीकडे ऐकू गेला. "हिला म्हणतात मांजर! नाहीतर काही मांजरं असतात, कान फाटलेली!"

पोरं धावत आली. यमूने तोंडावर हात ठेवला. दगडू तर उड्याच मारायला लागला. थोरलीही दारात आली आणि म्हणाली, "छान आहे हो. देखणी आहे." हे शब्द ऐकून धाकटीला किती महिन्यांनी जेवण गोड लागलं.

"आता पलीकडे जायचं नाही," तिने पोरांना बजावलं. "आपली राणी आहे ना इथे? मग कशाला जायचं लोकांकडे?"

पण राणी अंगणात राहील तर ना! गोणी उघडताच ती जी सुटली, ती थेट गोण्यांच्या थप्पीमागे जाऊन बसली. पोरं दिवसभर थप्पीपुढे ओणवी. "राणी, ये ना. राणी, दूध घे." राणी फक्त फिसकारायची. दूध ठेवलं तर कुणी नसताना प्यायची. दुसऱ्या दिवशी यमू म्हणाली, "आई, हिला आपण आवडत नाही."

"आवडतो! लाजतेय ती."

तिसऱ्या दिवशी धाकटीची भट्टी होती. थोरली आपल्या पडवीत सूप घेऊन पाखडत बसली होती, शेजारी मनी अंग पसरून पडलेली. कुंपणापलीकडून ते दृश्य दिसलं आणि धाकटीला राहवेना. आपलीही दिसली पाहिजे! तिने थप्पीमागे हात घालून राणीला ओढून काढलं, हातावर दोन ओरखडे घेतले, आणि सुताच्या दोरीने तिला अंगणातल्या खांबाला बांधलं. बांधलेली मांजर! सगळ्या गावाला सात दिवस बसणं माहीत होतं, आणि या बाईने मांजर गाईसारखी दावणीला बांधली. हेवा माणसाला काय काय करायला लावतो बघा.

ती भट्टीकडे वळली. वाळू तापली होती, पहिला घाणा टाकलेला होता, हात थांबवून चालणार नव्हतं. तेवढ्यात दगडू गेला राणीजवळ. तीन दिवस लांब राहिलेली राणी अखेर सापडली म्हणून त्याला कोण आनंद झाला! त्याने दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली आणि गाल तिच्या तोंडाला लावला.

राणीला पळायला जागा नव्हती. तिने पंजा मारला.

दगडूची किंकाळी ऐकून धाकटीने झारा टाकला आणि धावली. पोराचा चेहरा रक्ताने माखला होता. डाव्या डोळ्यावर हात घट्ट दाबलेला. "डोळा! माझ्या पोराचा डोळा!" ती ओरडली. राणीने हिसडा दिला, दोरी तुटली आणि ती कुंपणावरून उडी मारून गेली ती गेलीच. मागे कढईतले तांदूळ जळून काळा धूर निघाला.

थोरली सूप टाकून धावत आली. सोबत कोमट पाणी आणि मऊ फडकं. "हात काढ राजा, बघू दे मोठ्या आईला."

"हात लावू नका त्याला!" धाकटीने पोराला छातीशी ओढलं. "माझं पोर आहे! माझं मी बघीन! तुमच्यामुळे झालंय हे सगळं! तुमच्या त्या मांजरीमुळे!"

थोरलीचा हात तिथेच थांबला. तिचा चेहरा उतरला, पण ती मागे सरली नाही. आणि दगडू? दगडूने आईच्या कडेवरून दोन्ही हात थोरलीकडे केले. "मोठी आई, बाऊ."

त्या क्षणी धाकटीला काय वाटलं ते मी सांगायला नको. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने पोराला थोरलीच्या हातात दिलं. थोरलीने जखम धुतली. हळूहळू डोळा उघडला. ओरखडा डोळ्याच्या बोटभर खाली होता, गालावरून थेट हनुवटीपर्यंत. डोळा वाचला होता.

"बोटभराने वाचला," थोरली म्हणाली आणि खालीच बसली. धाकटी दगडूला घेऊन घरात गेली.

दिवे लागायच्या वेळी दगडू झोपला. यमू आईजवळ बसून जळके तांदूळ निवडून टाकत होती. धाकटीने बराच वेळ मनात घोळवलं आणि मग विचारलं, "यमे, एक सांग. मी रागावणार नाही. तिकडे असं काय आहे गं? मांजर तर मी इथे आणली होती. त्यांच्याहून देखणी आणली होती. तरी तुमचं ध्यान तिकडेच. का?"

यमूने थोडा विचार केला. लहान मुलं खोटं बोलायला वेळ घेत नाहीत, खरं बोलायला घेतात.

"तिकडे मोठी आई खाली बसते," ती म्हणाली. "आम्ही पण बसतो. मग मनी येते. मग मोठी आई गोष्ट सांगते."

"आणि इथे?"

"इथे तू उभी असतेस ना, आई."

झालं. एवढंच बोलून पोरगी पुन्हा तांदूळ निवडायला लागली. धाकटीचा हात मात्र सुपातच राहिला. मांजरीने ओरबाडलं होतं त्याहून हे जास्त लागलं. ती उठली नाही, रागावली नाही, तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने यमू तिच्या मांडीला टेकली.

पुढच्या आठवडी बाजाराहून धाकटा परत आला तो हसतच. "अगं, तुझी राणी दुकानात पोहोचली. ज्वारीच्या पोत्यावर बसलीये ऐटीत. दोन गावं ओलांडून चालत गेली! मला बघितलं आणि पोत्यामागे लपली."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "तिचं घर तेच होतं." मग पदराशी चाळा करत तिने विचारलं, "अहो, ते ठिपक्यांचं पिल्लू कुणी नेलं का हो?"

"नाही. भित्रं आहे म्हणे. का?"

"उद्या उन्हं कलली की लवकर घरी या. बसायला जायचंय."

धाकट्याने बायकोकडे नीट पाहिलं. "मांजर हवंच आहे का तुला? परवाच पोराचा डोळा..."

"ते मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "पण सात दिवस बसल्यावर कळेल. नाही जमलं तर नाही आणायचं."

दुसऱ्या दिवशी ती चौघं थोरलीच्या अंगणात गेली. धाकटीची मान खाली होती. "जाऊबाई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"बोललीस खरी," थोरली म्हणाली. ती काही देवी नव्हती, तिलाही लागलं होतं. "बस. ऊन खाली येतंय."

बसले सगळे. तळहात उताणे. पिल्लू टोपलीआडून बघत होतं. अर्धी घटकाही गेली नसेल, दगडूने "माऊ!" करून झडप घातली. पिल्लू टोपलीत पसार.

"पुन्हा पहिला दिवस," थोरली म्हणाली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा दगडूच. पुन्हा पहिला दिवस. मग धाकटीने युक्ती केली. दगडूचा चिमुकला हात आपल्या तळहातावर घेऊन बसायला लागली. हात हलला की हळूच दाबायची. दगडूला तो खेळच वाटला. यमू तर दगडासारखी बसायची, नाकावर माशी आली तरी हलायची नाही.

आता वाटेल, सगळं सुरळीत झालं. कसलं होतंय! हेवा असा एका दिवसात जात नाही. बसल्या बसल्या धाकटी बघायची. पिल्लू यमूच्या हाताशी येऊन वास घ्यायचं. धाकट्याच्या पायाशी घुटमळायचं. थोरलीच्या मांडीवर तर खुशाल जाऊन झोपायचं. आपल्याकडेच तेवढं येत नाही! सहाव्या दिवशी पिल्लू थोरलीच्या मांडीवरून उतरलं, धाकटीच्या हाताजवळून गेलं आणि न थांबता पुन्हा थोरलीकडे वळलं. बाईचा हात आपोआप सुटला आणि तिने पिल्लाची मानगूट पकडली!

"आई!" यमू किंचाळली.

"आई!" दगडूनेही बोट दाखवलं. त्याला तर पर्वणीच मिळाली होती.

धाकटीने चटका बसावा तसं पिल्लू सोडलं. लाजेने तिचा चेहरा लाल झाला. धाकटा दुसरीकडे बघून खोकायला लागला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळत होतं. थोरलीने ओठ दाबून धरले, पण शेवटी तिलाही हसू आवरेना. आणि मग धाकटीही हसली. दोन्ही जावा एकत्र हसल्याचं त्या अंगणाने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"पुन्हा पहिला दिवस," धाकटी स्वतःच म्हणाली.

अशा सातांचे सतरा दिवस झाले. पण त्या दिवसांत एक झालं. धाकटीला बसायची सवय लागली. पहिल्यांदा बसली की तिला घरातली सतरा कामं आठवायची. आता आठवेनाशी झाली. दगडूच्या हाताला तीळ आहे हे तिला तिथे बसल्यावर दिसलं. यमू मनातल्या मनात गाणं म्हणताना पायाचा अंगठा हलवते, हेही तिला तिथेच कळलं. आणि चौथ्या खेपेच्या पाचव्या दिवसापासून पिल्लू येतं की नाही याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

सातव्या दिवशी दगडूचा हात नेहमीसारखा तिच्या तळहातावर होता. पिल्लू टोपलीतून निघालं, यमूला वळसा घातला, थोडं थांबलं, आणि येऊन दोन पुढचे पाय दगडूच्या हातावर ठेवले. दगडूने श्वास रोखला. त्याचा ओरखडा आता वाळून फिकट झाला होता. पिल्लाने मागचे पाय वर घेतले, तेव्हा त्याच्या चिमुकल्या हातावर जागा पुरेना, म्हणून ते आईच्या मनगटावर टेकले. मग गोल फिरून ते तिथेच बसलं.

दगडूच कुजबुजला, "आई, माऊ आली."

त्याने आईला सांगितलं. मोठ्या आईला नाही, आईला. धाकटीला भरून आलं. जे हवं होतं ते सगळं हातात होतं. पिल्लू आपलं, पोरं आपली. आता ती कुंपण ओलांडून कशाला जातील?

तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं.

थोरली हसत होती. "छान झालं हो, न्या आता," असं म्हणतही होती. पण तिची नजर पोरांवर होती, आणि त्या नजरेत जे होतं ते धाकटीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कितीतरी महिने सारवता सारवता ती स्वतः कुंपणापलीकडे त्याच नजरेने बघत होती.

थोरली उठून पसरलेली चटई गुंडाळायला लागली. "उद्यापासून इथे काय काम तुमचं," ती पाठमोरी म्हणाली. "खरं सांगू का धाकटे? मनी मी उंदरांसाठी नाही पाळली. माझ्या पोरी गेल्या, घर खायला उठायचं. तुझ्याकडून दिवसभर 'आई, आई' ऐकू यायचं. फार जळायचे मी. म्हटलं, मांजर ठेवली तर तुझी पोरं येतील इकडे. आली. तुला वाईट वाटतंय हे दिसत होतं मला. तरी मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की जा रे, आईकडे जा."

धाकट्याने पायाकडे बघितलं. असल्या वेळी पुरुषांना पायाकडेच बघता येतं.

हे ऐकून धाकटीला राग यायला हवा होता. आलाही, थोडा. पण हात हलवता येत नव्हता, मनगटावर पिल्लू होतं, त्यामुळे तो बसल्या बसल्याच विरला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "चटई गुंडाळू नका. ती घेऊन उद्या आमच्याकडे या. पिल्लू दिलंय, आता तुम्ही आमच्या अंगणात सात दिवस बसायचं."

"मी? मी कशाला?"

"देणाऱ्याने नको का बघायला, पिल्लू नीट रुळलं की नाही? उन्हं कलली की यायचं. आणि पोरांना गोष्ट सांगायची. मीही ऐकीन, खाली बसून."

थोरली वळली. "असा रिवाज कुठे आहे गं?"

"नव्हता," धाकटी म्हणाली. "आजपासून आहे."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर थोरली चटई काखेत घेऊन कुंपणापलीकडे गेली. यमूने सातव्या दिवशी विचारलं, "मोठी आई, आज शेवटचा दिवस ना?"

थोरली धाकटीकडे बघायला लागली. धाकटीने सरळ पिल्लाची मानगूट पकडून त्याला उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"अरेरे," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिला दिवस."

तात्पर्य हवंच असेल तर एवढं ध्यानात ठेवा: घरात नवा जीव आणण्याआधी तो प्रेमापोटी आणतोय की कुणाच्या हेव्यापोटी, हे स्वतःला खरं खरं विचारावं. मांजर असो की मूल, ओढून बांधलं तर ते दूर पळतं. त्याच्याशेजारी बसायला ज्याला वेळ असतो, त्याच्याकडे ते आपण होऊन येतं.